दगडफूल खाणारं जनावर

मोहनरावांचा तेरावा झाला आणि सुनेत्रा पुन्हा कामाला बसली. काम म्हणजे नेदरलँड्समधल्या उइटहॉर्न गावच्या घरातली वरची खोली आणि कॉम्प्युटर. २०२१चा मे महिना होता. कोरोनामुळे ऑफिस बंदच होतं, भारतात जाणारी-येणारी विमानंही बंद. मोहनराव अमरावतीच्या दवाखान्यात हृदयविकाराने गेले, आणि लेकीने त्यांना शेवटचं पाहिलं ते भावाच्या मोबाइलवर.

नुसतं पाहून गप्प बसली असती तरी चाललं असतं.

"ताई, बाबांना परतवाड्याला नेतो," आशुतोष म्हणाला होता. "आपल्या वखारीत लाकूड आहे."

मोहनरावांनी जन्मभर लाकडाची वखार चालवली. त्याच पैशावर सुनेत्रा शिकली, जंगलांवर पीएचडी करायला नेदरलँड्सला आली. ती पटकन बोलून गेली, "लाकूड कशाला? अमरावतीतच गॅसदाहिनी आहे ना. एका माणसासाठी एवढं लाकूड जाळायचं?"

व्हिडिओ कॉलवर मामा होते, दोन्ही काकू होत्या. आशुतोष "बरं" म्हणाला आणि तसंच झालं.

एका माणसासाठी. भांडी घासताना, दात घासताना ते शब्द तिला आठवायचे आणि अंगावर काटा यायचा.

लाकूड आयात करणाऱ्या डच व्यापाऱ्यांना ती सल्ला द्यायची: कुठल्या जंगलातला माल घ्यावा, कुठला नको. सध्या हाताशी कॅनडातल्या एका डोंगराचं प्रकरण होतं. मोहनरावांना त्याची फार गंमत वाटायची.

"कोणतं जनावर म्हणालीस?"

"कॅरिबू. बर्फातलं सांबर समजा."

"खातं काय?"

"हिवाळ्यात जुन्या झाडांवर लोंबणारं दगडफूल. आपल्या मसाल्यातल्यासारखं, पण केसाळ. झाड म्हातारं झाल्याशिवाय ते पोटभर मिळत नाही."

"म्हणजे दगडफूल खाणाऱ्या जनावरापायी तू एका गावाची आरामशीन बंद पाडणार," मोहनराव हसत म्हणाले होते. "बरी वकील मिळाली त्याला. आमच्या घरची."

तेव्हाच तिने अख्ख्या डोंगरावरच्या लाकडाला 'नाही' असं ठरवून टाकलं होतं. आज ते तिथल्या गावची आरागिरणी चालवणाऱ्या वॉल्टरला मीटिंगमध्ये सांगायचं, एवढंच उरलं होतं. डच गिऱ्हाईक गेलं की गिरणी बंद, आणि त्या गावात दुसरा धंदा नव्हता.

पडद्यावर वॉल्टर आला. वयस्क माणूस, चष्मा कपाळावर चढवलेला.

"तुम्ही आमच्याकडे कधी आलाय का, डॉक्टर?"

"नाही."

"मग आम्हाला काय हवंय ते तरी विचारा. अजून कुणी विचारलेलं नाही."

तिचं उत्तर तयार होतं. जुनं जंगल एकदा तुटलं की माणसाच्या आयुष्यात परत येत नाही. ते खरंही होतं. पण तोंड उघडताना तिला स्वतःचा तो सूर ऐकू आला, मामा-काकूंसमोर लावलेला. तिचे कान तापले.

"सांगा," ती म्हणाली. "काय हवंय?"

वरचं जुनं जंगल त्यांना फारसं नकोच होतं. चढ अवघड, लाकूड उतरवणं महाग. हवी होती ती गावालगतची, एकदा तुटून पुन्हा वाढलेली झाडं. सुनेत्राने हरकत घेतली. तोडीनंतर कोवळा पाला फुटतो, त्यावर दुसरी हरणं येतात, त्यांच्यामागे लांडगे, आणि लांडगे लाकडाच्या रस्त्यांनी थेट कॅरिबूपर्यंत पोचतात.

"म्हणून तर जुनाच रस्ता वापरू म्हणतोय. काम झालं की तोही उखडून टाकू."

बरीच घासाघीस झाली. शेवटी ठरलं की वरच्या जंगलाला हात लावायचा नाही. खाली जुन्या रस्त्याच्या कडेने तोड, तीसुद्धा त्याने मागितली त्याच्या निम्मी.

"एक पाळी बंद करावी लागेल," वॉल्टर म्हणाला.

"हो. याहून जास्त मला देता येणार नाही."

"त्या पाळीत माझा जावई आहे." एवढं बोलून तो गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने आशुतोषला व्हिडिओ कॉल लावला.

"आशू, बाबांनी काही सांगून ठेवलं होतं का? लाकडाबद्दल?"

"आता कशाला ते, ताई?"

"तेव्हा विचारलं नाही म्हणून."

"आपल्या वखारीतलंच घ्या, म्हणाले होते. आयुष्यभर लोकांना दिलं, मलाही त्यातलंच द्या."

"मग तू बोलला का नाहीस?"

"तेही त्यांनीच सांगितलं होतं. सुनेत्रा नाही म्हणेल, म्हणाले. म्हणाली तर वाद घालू नकोस. चारचौघांत तिला कमीपणा येऊ देऊ नकोस."

कॅमेरा चालू होता. तो बंद करून चेहरा लपवावा असं सुनेत्राला फार वाटलं. पण तिने तो तसाच राहू दिला, आणि आशुतोष तिच्याकडे बघत राहिला.