शेडच्या भिंतीवरचा क्ष

वैष्णवीच्या जमेला येणार होतं ते एवढंच: रविवारी तीननंतरची मोकळीक. तीनला मखमलाबादच्या मळ्यातून निघालं, की चारचा पंचवटीतला भरती परीक्षेचा क्लास गाठता येई. लग्नाला आठ महिने झाले होते आणि सासरी तिनं मागितलेली ही पहिलीच गोष्ट. नवऱ्यानं, कुंदननं, मागताक्षणी होकार दिला. अट एकच, कोथिंबिरीच्या जुड्या बांधून झाल्या पाहिजेत. संध्याकाळच्या लिलावाची गाडी पाचला येई.

इतक्या पटकन मिळालेला होकार जरा उलटून पाहायचा असतो. वैष्णवीनं पाहिला नाही, कारण ती गणितात पक्की होती. शेडच्या भिंतीवर तिनं खडूनं मांडलं: तासाला आपल्या साठ जुड्या, सासूबाईंच्या चाळीस, माल चारशेचा. ६०क्ष + ४०क्ष = ४००. क्ष बरोबर चार. अकराला बसलं की तीनला मोकळं.

"पुसून टाक गं ते," सासूबाई, म्हणजे नवसाबाई, म्हणाल्या. वैष्णवीला वाटलं, भिंत खराब होते म्हणून.

त्या रविवारी क्लास मिळाला. पण कुंदननं भिंत वाचली. तीन ते पाच घरातले चार हात रिकामे राहतात, हे त्याच्या आजवर ध्यानातच आलं नव्हतं. पुढच्या रविवारी त्यानं सहाशे जुड्यांचा माल उपटून आणला. क्ष सहा. क्लास गेला.

वैष्णवीनं हाताचा वेग वाढवला, तासाला ऐंशीवर नेला. चारला सुटली. त्याच्या पुढच्या रविवारी माल सातशे वीस, की सुटायला पुन्हा पाच. ती जेवढा वेळ वाचवी, तेवढी कोथिंबीर शेडमध्ये येऊन पडे. हळू बांधावं तर गाडी चुकणार आणि बोल तिलाच. दारापर्यंत हिरवा ढीग, आणि तिचा वेग वाढेल तसा तोही वाढणारा.

मग क्लासची निवड चाचणी आली. रविवारी, चारलाच. पास झालं तरच पुढच्या बॅचला जागा. माल सातशे वीसच होता.

ढिगापुढं बसता बसता नवसाबाईंनी विचारलं, "कधी निघायचं म्हणतेस?"

"तीनला. पण जमत नाही, आई. क्ष सहाच येतो."

नवसाबाईंनी बांगड्या कोपराकडं सारल्या. सुतळीचा एक वेढा, एक हिसका, जुडी बाजूला. तासाभरात शंभर. वैष्णवीचे हात थांबले.

"तू बांध, थांबू नको," त्या म्हणाल्या. "तीस वर्षं झाली, चाळीसच दाखवते. सासूला कळू दिलं नाय, तुझ्या सासऱ्याला नाय. बांधता बांधता जरा इसावा मिळतो, तेवढाच माझा. अन् तू तर भिंतीवर लिवून ठेवलंस."

तीनला ढीग संपला. वैष्णवी पदर खोचून पळाली आणि चाचणीत पास झाली.

सव्वातीनला कुंदन शेडमध्ये आला. रिकामी जमीन बघून आधी त्याला वाटलं, माल चोरीला गेला. मग रचलेल्या जुड्या दिसल्या. त्यानं सातशे वीसला चारानं भागलं, आलेल्या एकशे ऐंशीला सहानं गुणलं, आणि भिंतीवरचा जुना आकडा तळहातानं पुसला.

पुढच्या रविवारी शेडमध्ये एक हजार ऐंशी जुड्यांचा माल होता. क्ष पुन्हा सहा.

हिशेब असा मिटला: वैष्णवीची बॅचमधली जागा गेली, नवसाबाईंचा तीस वर्षं लपवलेला विसावा गेला. कुंदनचं काहीच गेलं नाही. खडूसुद्धा वैष्णवीचाच होता.