आधी गळती, मग तुंबा

प्लंबिंगच्या धंद्यात धाकट्याचे केस पिकले होते. जगातल्या कुठल्याही बिघाडावर त्याच्याकडे पाना तयार! ताईच्या रक्ताच्या कॅन्सरपुढे मात्र त्याचं काही चालेना. म्हणून तिला प्लेटलेट्स द्यायची वेळ आली तेव्हा तो सगळ्यांच्या आधी खुर्चीत जाऊन बसला. मशीनने त्याचं रक्त ओढलं, प्लेटलेट्स काढून घेतल्या, उरलेलं परत केलं. ती पिवळसर पिशवी ताईला चढताना पाहून त्याचा ऊर भरून आला.

पिशवी संपते न संपते तोच डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “आता रक्त पातळ करायचं इंजेक्शन.”

धाकट्याचं डोकंच फिरलं. “अहो, हिच्या हिरड्यांतून रक्त येतंय! ते थांबावं म्हणून मी दिलं ना? आणि तुम्ही त्यावर पाणी फिरवताय?”

“मांडीत गुठळी आहे. ती सुटून फुप्फुसात गेली तर संपलं. नुसतं इंजेक्शन दिलं तर रक्तस्राव होईल, म्हणून तुमच्या प्लेटलेट्स आधी चढवल्या. त्यांचा जोर आहे तोवरच देता येईल.”

बाई गेल्या. पण याचं समाधान होईल तर शपथ! “ताई, गळक्या पाइपात तुंबा काढायला कोणी जोर लावतं का? आधी गळती, मग तुंबा. एक दिवस थांब. माझं ऐक.”

ताईने जन्मभर या लाडोबाचं ऐकलं होतं. शिवाय त्याने दिलेलं वाया जाऊ नये, असं तिलाही वाटलं. नर्स सुई घेऊन आली तेव्हा ती म्हणाली, “आज नको, सिस्टर. उद्या.” डॉक्टरीणबाई पुन्हा येऊन समजावून गेल्या, रागावल्याही. ताई हटली नाही.

सकाळी हिरड्या कोरड्या होत्या. “बघ, मी म्हटलं नव्हतं?” धाकटा खूश. ताई हसली, चहा घ्यायला उठून बसली आणि कप तोंडाला लावायच्या आत तिला श्वास पुरेना. एकच धावपळ उडाली. दुपारच्या आत सगळं आटोपलं. गुठळी सुटली होती.

बाहेर भावजींनी त्याला मिठी मारली. “इंजेक्शन तिनेच नाकारलं म्हणे. काल फोनवर मला म्हणाली, सुयांचा कंटाळा आलाय, एक दिवस सुटी घेते. हट्टी कुठली! तू मात्र अंगातलं काढून दिलंस रे. तुझ्याकडून काही कमी पडलं नाही.”

धाकट्याने “नाही हो, भावजी” म्हणायला तोंड उघडलं. भावजींचा हात त्याच्या पाठीवरून फिरत होता. त्याने तो फिरू दिला.