तात्याच्या दुकानातला फोन

जयवंताचा पाय वाचला, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर तुमचा जीव टांगणीला लागायचा. पण तात्याला मी माफ केलेलं नाही. करणारही नाही.

छप्पन्नचा जानेवारी. मुंबईसाठी पोरं रस्त्यावर उतरलेली, पोलीस गोळ्या घालत होते. मी गिरगावात एका कंपनीच्या टेलिफोन बोर्डावर बसायची. आतले-बाहेरचे सगळे फोन माझ्या हातून जोडले जायचे. दुपारी परळच्या हॉस्पिटलातून नर्सचा फोन आला. तुमच्या भावाच्या मांडीत गोळी आहे, पोरगा सतरा वर्षांचा, ऑपरेशनला वडिलांची सही पाहिजे. तासाभरात आले नाहीत तर पाय जाईल.

आमची चाळ हॉस्पिटलपासून दहा मिनिटांवर. मी मात्र गिरगावात, आणि बस, ट्राम, गाड्या सगळं बंद. चाळीत फोन एकच, तात्याच्या वाणसामानाच्या दुकानात. म्हणायला सगळ्या चाळीचा. पुढच्या रांगेतल्या कुणाचा फोन आला की तात्या ओट्यावर येऊन हाक मारायचा. मागची रांग आम्हा महारांची. तिकडे त्याची हाक कधी आलीच नाही.

"तात्या, बाबांना बोलवा हो. जयवंताला गोळी लागलीय, त्यांची सही हवी."

"अगं शेवंते, मागे कोण जाणार? दुकानात माणूस नाही."

आणि ठेवला की हो फोन मेल्यानं!

माझं डोकंच फिरलं. पण बोर्डावर बसणारीला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. ज्याने फोन लावला त्याने सोडला तरच लाइन मोकळी होते. समोरच्याने शंभरदा आपटला तरी काही होत नाही. तात्याची लाइन जोडलेली बोर्डातली दोरी मी काढलीच नाही.

दोन मिनिटांत तात्याने मशीदबंदरला माल सांगायला रिसीव्हर उचलला.

"मीच आहे, तात्या."

आपटला. परत उचलला.

"अजून मीच. बाबा येईपर्यंत तुमच्या फोनवर मीच असणार. आज, उद्या, परवा."

"तुझ्या साहेबाला सांगीन, शेवंते!"

"सांगा ना. कुठल्या फोनवरून सांगणार?"

शिव्या दिल्या, पण गेला. थोड्या वेळाने बाबांचा आवाज आला, लांबून. आणि तात्याचा, जवळून: "तिथूनच ओरड कुशाबा, ऐकू जाईल तिला."

"त्यांच्या हातात द्या!" मी अशी किंचाळले की साहेब केबिनबाहेर आले.

"शेवंते?" बाबांनी जन्मात पहिल्यांदा फोन धरला होता. मी एका दमात सगळं सांगितलं. "निघालो," म्हणाले, आणि रिसीव्हर गल्ल्यावर तसाच टाकून पळाले.

आता दोरी काढावी म्हणून मी हात पुढे केला. तेवढ्यात तात्या बायकोला म्हणाला, "अगं, फडकं आण. आधी पुसून घे तो, मगच जागेवर ठेव."

मी हात मागे घेतला. साहेबांना सांगून परळला चालत निघाले, दोरी बोर्डात तशीच ठेवून.