एक पायरी वर

मी क्लॅरिनेट बोलतोय. घाई नसेल तर बसा जरा. माझं बोलणं म्हाताऱ्या माणसासारखं, दमादमानं. काळ्या लाकडाचा देह, अंगावर चाव्या, तोंडाशी वेताची पातळ पत्ती. एका घड्याळजीनं मला तरुणपणी घेतलं. दिवसभर घड्याळं दुरुस्त करायची आणि संध्याकाळी वाद्यवृंदात मला फुंकायचं, असं त्यांचं आयुष्य. त्यांची लेक त्यांना बाबा म्हणते, म्हणून मीही बाबाच म्हणतो.

माझी एक जन्मखोड आहे. कागदावरचा सूर पियानो जसाच्या तसा वाजवतो. तोच वाचून मला फुंकलं, तर एक पायरी खालचा निघतो. म्हणून माझ्यासाठी सगळं एक पायरी वर चढवून लिहायचं. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात; मी तर लाकूड, माझी कसली जातेय!

लेक संगणकावर संगीत लिहू लागली. बाबा तिला लाडानं ठकी म्हणतात. त्या संगणकात एक बटण होतं. एकीकडे केलं की कानाला येणारे सूर दिसायचे, दुसरीकडे केलं की ज्याचे त्याला वाचायचे सूर.

"मला आपलं माझ्या बोलीतच लिहून दे गं," बाबा म्हणायचे.

"बाबा, प्रत्येकाची बोली डोक्यात घेऊन बसले तर सुचेल काय, कपाळ? आधी कानाला येतं ते लिहिते. छापताना दाबते बटण."

तिची पहिलीच रचना वृंदानं घेतली. सुरुवातीला मी एकटा, मग मागून व्हायोलिनं. पहिल्या तालमीत मी छान निघालो, व्हायोलिनं आली आणि घासात खडा लागावा तसं झालं. ठकी बटण दाबायला विसरली होती! बाबांनी ते लगेच ओळखलं. पुढच्या ओळीपासून डोळे वाचतील त्याहून एक पायरी वर त्यांची बोटं चालू लागली.

"पत्ती सुकली होती, मास्तर," ते वृंद चालवणाऱ्या मास्तरांना म्हणाले. माझ्या पत्तीवर आळ! पण सोसला मी. पोरीचं पहिलंच काम, चारचौघांत तिचं तोंड का उतरवायचं?

ठकी मात्र बापाची लेक. घरी येऊन तिनं संगणक उघडला, कपाळावर हात मारला, नवा कागद छापला आणि जुन्याच्या जागी गुपचूप ठेवून दिला. बाबांना आता त्रास नको, एवढंच मनात. थोडी लाजही.

पुढच्या तालमीला बाबा ठरवूनच आलेले: वाचायचं एक, वाजवायचं एक पायरी वर. कागदाच्या सुरुवातीच्या खुणा बदलल्यात, हे त्यांनी पाहिलंच नाही. पुन्हा खडा! आणि या वेळी उलट्या बाजूनं.

मास्तरांनी हात थांबवला. "आज नाही बसलं तर ही रचना काढावी लागेल. माझाही इलाज नाही."

तशी ठकी मागच्या खुर्चीवरून धावत आली.

"बाबा, चढवून वाजवताय की काय?"

"मग? तू खालीच लिहिलंयस ना!"

"अहो, मी कागद बदललाय!"

"बदललास? मग सांगायला काय तोंड शिवलं होतं?"

"तुम्ही तरी सांगितलंत का, निभावून नेताय म्हणून?"

सगळा वृंद हसला. "बापलेकींची माया उतू जाऊ दे," मास्तर म्हणाले, "पण माझ्या व्हायोलिनांवर नको. लिहिलंय तेवढंच वाजवा."

बाबांनी वाजवलं. मी एकटा निघालो, आणि रांगत्या पोराखाली हात यावेत तशी व्हायोलिनं अलगद माझ्या खाली आली. रचना राहिली.

तेव्हापासून घरात रीतच पडली. छापण्याआधी ठकी ओरडायची, "बाबा, दाबलं हो!" दुकानातून उत्तर यायचं, "ऐकलं!"

आता बाबांचे पुढचे दात गेलेत, मला फुंकणं होत नाही. तरी ठकी प्रत्येक रचनेत माझी ओळ लिहिते, हाक मारते आणि कागद आणून देते. बाबा मला मांडीवर घेऊन नुसती बोटं फिरवतात. चाव्यांची टकटक तेवढी होते. ठकी शेजारी डोळे मिटून ऐकते, आणि शेवटी म्हणते, "बरोबर वाजवलंत."

कधीतरी मी दुसऱ्या हाती जाईन. द्या खुशाल. एवढंच करा, माझी ओळ एक पायरी वर लिहा, आणि लिहिलीत की हाक मारून सांगा.