ढोलीमागचा कमरपट्टा

मित्रांनो, माझ्याकडे पाहून लगेच नाक मुरडू नका. मी एक जुना कमरपट्टा आहे. चांदीचा नव्हे, लग्नात मिरवायचा तर मुळीच नव्हे. दुखरी कंबर धरून ठेवायला डॉक्टर कागदावर लिहून देतात ना, तसला. माझी चिकटपट्टी निकामी झाली तिथे हिरव्या लुगड्याची चिंधी टाचली आहे. अंगाला कुबट वासही येतो. पण मला लाज वाटते ती या वासाची नाही. ज्या गोष्टीची वाटते ती सांगायला जीभ रेटत नाही, तरी आज सांगून टाकतो.

माझा जन्म कारखान्यातला. खोक्यात बसून मी गोंदियाच्या एका औषधाच्या दुकानात आलो. खोक्यावर एक गोरीपान, हसरी बाई छापली होती. तिची कंबर जन्मात कधी दुखली असेल असे वाटत नव्हते. तिथून मला धुरपताबाईने घेतले. ही सौंदडजवळच्या एका खेड्यातली. तिने मला पिशवीच्या तळाशी दडवले, वर किलोभर कांदे टाकले आणि घरी नेले. पहिल्या दिवसापासून मी लपवायची वस्तू ठरलो.

त्याला कारण होते. आमच्याकडे धानाचा रोवणा बायाच करतात. बांधीतल्या, म्हणजे धानाच्या शेतातल्या, चिखलात ओळीने वाकायचे, रोपे रोवत रोवत मागे सरकायचे, ते दिवस मावळेपर्यंत. एखादी हळू पडली की तिची जागा शेजारणीला भरावी लागते. बायांच्या टोळीची मुख्य देवकाबाई. दुखऱ्या कमरेची बाई तिला टोळीत नको असे. म्हणून धुरपताबाई मला लुगड्याच्या आत बांधायची.

मी काम चोख केले, खोटे कशाला बोलू! पहिल्या संध्याकाळी तिने मला सोडून मांडीवर ठेवले आणि म्हणाली, "तू होतास म्हणून उभी राहिली रे बाबा." माझा ऊर भरून आला. मग तिने मला धुतले आणि घरात धान साठवायच्या ढोलीमागे, अंधारात वाळत टाकले. तारेवर टाकले असते तर गावाने पाहिले असते. तिथे मी कधी पुरता वाळलोच नाही.

आता तो दिवस. मागच्या वर्षीच्या रोवण्यात धुरपताबाईच्या शेजारच्या ओळीत शामकला होती. दोघी लहानपणापासूनच्या मैत्रिणी. दुपारनंतर शामकला कमरेवर हात ठेवून बांधावर बसली.

"लय दुखून राहिलं व," ती म्हणाली.

देवकाबाईने धुरपताबाईला विचारले, "खरंच दुखते काय व हिचं?"

"कायचं दुखते! नाटक करून राहिली," धुरपताबाई म्हणाली. "मले कंबर नाही काय? मी करूनच राहिली ना!"

सगळ्या बाया खो खो हसल्या. मित्रांनो, त्या वेळी मी तिच्या कमरेला करकचून आवळलेला होतो. माझी पकड जरा सैल झाली असती, मी चिखलात पडलो असतो, तरी खरे काय ते कळले असते. पण मी घट्ट धरून राहिलो. मला माझ्या कामाचा मोठा अभिमान होता ना! दुसऱ्या दिवसापासून शामकलाला कोणी बोलावले नाही. अख्खा हंगाम ती दारात बसून राहिली.

यंदा मिरग लागायच्या आठ दिवस आधी धुरपताबाईची मुलगी नीतू गावी आली. ती नागपूरला चित्रकला शिकते. तिला गावाच्या समाजमंदिरात एक प्रदर्शन मांडायचे होते, 'कुठं दुखते?' नावाचे. चित्रे तिची एकटीची नव्हेत, साऱ्या गावाची. तिने बारदान्याची पोती उसवून जमिनीवर अंथरली. एका बाईने पोत्यावर निजायचे, दुसरीने कोळशाने तिच्या अंगाची रेघ काढायची. मग जिची तिने दुखते तिथे गेरूने खूण करायची. काय तो हशा! "हिचं पोट तर पोत्यात मावूनच नाही राहिलं!" कोणाच्या गुडघ्यावर खूण, कोणाच्या मानेवर, एकीने तर कपाळभर गेरू फासला. शामकलाने कमरेवर भाकरीएवढा गोळा काढला. धुरपताबाईची पाळी आली तेव्हा देवकाबाई समोरच उभी होती.

"मले नाही दुखत काही," ती म्हणाली. तिचे पोते तसेच कोरे टांगले गेले.

दुखण्याशी जोडलेल्या वस्तूही भिंतीवर लावायच्या होत्या. नीतूने घर धुंडाळले आणि ढोलीमागे मी सापडलो. तिला वाटले, वारलेल्या आज्याचा, रामलालचा पट्टा असेल. आईला न विचारता तिने मला खिळ्याला टांगले, नेमके शामकलाच्या चित्राशेजारी.

सगळे गाव पाहायला आले. वस्तू हाताळायची मुभा होती. शामकलाने मला उतरवून कमरेला बांधले. तिने लांब श्वास सोडला. तिची कंबर माझ्या हातात आली आणि मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

"बरं वाटते व! कोणाचा होय?"

"आमच्या आज्याचा," नीतू म्हणाली.

धुरपताबाई दारात होती. ती नुसती गप्प राहिली असती तरी भागले असते. खोटेसुद्धा बोलावे लागले नसते.

शामकलाने माझ्या शिवणीत नख घातले. वाळलेला चिखल निघाला. "हा तं बांधीचा चिखल होय. तुहा आजा रोवणा करे काय व?"

बाया हसल्या. मग एकेक करून माझ्याजवळ येऊन तो चिखल पाहू लागल्या.

"माहा होय तो," धुरपताबाई म्हणाली. मान वर करवत नव्हती तिला.

"त्या दिवशीही बांधला होतास?" शामकलाने विचारले.

"हो."

शामकलाने मला लगेच कमरेवरून सोडले नाही. तिने गेरूचा खडा उचलून धुरपताबाईच्या तळहातावर ठेवला आणि बाजूला झाली. साऱ्या गावादेखत धुरपताबाईने आपल्या कोऱ्या पोत्यावर, कमरेच्या जागी खूण केली. खूण वाकडीच आली. देवकाबाई एवढेच म्हणाली, "दोघीही या. हळू रोवा, पण खरं सांगा."

प्रदर्शन संपल्यावर मी धुरपताबाईकडे परत आलो. पुढे रोवणा लागला. शामकला आली, पण दोन दिवस धुरपताबाईशी बोलली नाही. तिचे बरोबरच होते. तिसऱ्या दुपारी तिने हात पुढे केला. "दे आता इकडं." धुरपताबाईने बांधावर, सगळ्यांसमोर मला सोडून तिला दिले. संध्याकाळी शामकलाने मला धुतले आणि आपल्या दारातल्या तारेवर टाकले. येणारा-जाणारा पाहत होता. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले, पण वारा चांगला होता.

मित्रांनो, माझ्यासारखा पट्टा तुमच्या घरात असेल तर त्याला साध्या पाण्याने धुवा, पिळू नका, सावलीत पण वाऱ्यावर वाळवा. आणि कोणी दुखते म्हणाले तर त्याला हसण्याआधी आपल्या कमरेला काय बांधले आहे ते आठवा. एवढे केलेत तरी पुष्कळ झाले. फक्त मला पुन्हा ढोलीमागे टाकू नका.