अनवाणी कोच

आमचे हे बास्केटबॉलचे कोच झाले ते निव्वळ उंचीमुळे. सहा फूट दोन इंचांचा माणूस शिडीशिवाय वरच्या कप्प्यातली पुस्तकं काढतो, हे मल्लेश्वरमच्या कॉलेजातल्या प्रिन्सिपलबाईंनी लायब्ररीत पाहिलं आणि जुने कोच रिटायर होताच मुलींची टीम ह्यांच्या गळ्यात घातली. साल १९९२. निपाणीचा हा गडी जन्मभर खेळला तो खो-खो. घरी येऊन मला विचारतात, "वीणा, बास्केट दोन असतात ना गं?" मी कपाळावर हात मारला.

नियमांचं पुस्तक ह्यांनी तीन दिवसांत पाठ केलं, पण सवयी मात्र खो-खोच्या मैदानातल्याच ठेवल्या. चपला रेषेबाहेर काढायच्या, जमिनीला हात लावून कपाळाला लावायचा, मगच कोर्टावर पाऊल. मुली आधी फिदीफिदी हसल्या, मग त्याही बूट घालूनच वाकायला लागल्या. खुणासुद्धा ह्यांनी पायांच्याच ठरवल्या. हातांकडे सगळ्यांचं लक्ष असतं, पायांकडे कोण बघतो, असं ह्यांचं म्हणणं. उजवा पाय उचलला की सगळ्यांनी पुढे तुटून पडायचं, डावा उचलला की आपल्या बास्केटखाली परत यायचं.

दोन वर्षं पहिल्याच फेरीत आपटी खाल्ली. तिसऱ्या वर्षी प्रिन्सिपलबाईंनी सांगून टाकलं, कप आला नाही तर तुम्ही परत लायब्ररीत आणि कोर्टाचा स्कूटर स्टँड. त्या ह्यांना अजूनही 'लायब्ररी बसवंत' म्हणत, ह्याचा मला भयंकर राग यायचा. लायब्ररीतून अकरा वर्षं हे धुळीने शिंकत घरी आले होते. कोर्टावरून शीळ घालत यायचे, हरले तरी. मला तो शीळ घालणारा नवरा कुणालाही परत द्यायचा नव्हता.

आणि काय नशीब बघा, त्या वर्षी आम्ही फायनलला पोचलो. समोर जयनगरचं कॉलेज, पाच वर्षांचं विजेतं. मॅच संध्याकाळची होती, पण बक्षिसं द्यायला येणाऱ्या पाहुण्यांना दुसरा समारंभ होता म्हणून दुपारी एकला आणली. मार्च महिना, सिमेंटचं कोर्ट. ह्यांनी नेहमीप्रमाणे चपला काढल्या, जमिनीला हात लावला आणि चटकन मागे घेतला. तरी चपला घातल्या नाहीत. हट्टीपणात हे कुणाला हार जाणार नाहीत.

मध्यंतरापर्यंत हे कसेबसे टिकले. तोवर आम्ही बारा गुणांनी मागे. मग तळवे भाजायला लागले आणि ह्यांचा उजवा पाय वर गेला. मुली पुढे तुटून पडल्या. लगेच डावा वर. मुली धावत मागे. उजवा, डावा, उजवा. आमच्या पाच पोरी भरती-ओहोटीसारख्या कोर्टभर पुढेमागे, आणि जयनगरच्या मुलींना कळेना की ह्या येतायत की जातायत. त्यांचे पास आमच्या हातात पडायला लागले. मी चपला उचलून धावले, तर हे नाचता नाचताच म्हणाले, "नको. चाललंय ते चालू दे."

बघता बघता फरक एका गुणावर आला. चौदा सेकंद उरले होते आणि बॉल कॅप्टन पोन्नम्माकडे होता. ही कूर्गची ताडमाड पोर. तेवढ्यात बाकावरच्या कुणा दयाळू मुलीने ह्यांच्या पायांवर बर्फाच्या पाण्याची बादली ओतली.

हे थांबले. दोन्ही पाय जमिनीवर, चेहऱ्यावर परमसुख. आणि आमच्या पाचही मुली जागच्या जागी उभ्या, ह्यांच्या पायांकडे बघत. पोन्नम्मा नुसती बॉल आपटत राहिली. लायब्ररी, धूळ, शिंका, सगळं माझ्या डोळ्यांपुढे उभं राहिलं.

"काहीतरी करा हो!" मी ओरडले.

ह्यांनी दोन्ही पायांनी एकदम उडी मारली. अशी खूण ठरलेलीच नव्हती. पोन्नम्मा क्षणभर बघत राहिली, मग खदखदून हसली, आणि होती तिथूनच तशीच उडी मारून तिने बॉल फेकला. तो कड्यावर दोनदा फिरला आणि आत पडला. शिट्टी वाजली.

पुढचं मला नीट आठवत नाही. मुलींनी ह्यांना उचललं होतं आणि हे वरूनच पाय झाडत होते. मी आनंदाने हातातलं होतं ते उडवलं. एक चप्पल कुठे गेली ती आजतागायत सापडली नाही. दुसरी थेट बक्षिसांच्या टेबलावर, कपाशेजारी जाऊन बसली.

प्रिन्सिपलबाईंनी ती दोन बोटांत धरून उचलली, पाहुण्यांकडे बघितलं, आणि कुणाची म्हणून कुणी विचारायच्या आत स्वतःच सांगितलं, "आमच्या कोचची."

मुलींच्या खांद्यांवरून शीळ ऐकू आली.