डॉक्टरिणीचा हात

कारखान्यात तिला सगळे डॉक्टरीण म्हणायचे. त्यात निम्मी थट्टा होती नि निम्मा विश्वास. तिचं काम कापड तपासायचं. टेबलावरून तागा सरकायचा, ती वर नुसता तळवा ठेवायची, आणि तुटका धागा असो की बारीकशी गाठ, डोळ्यांआधी बोटांना कळायचं. आता कापडातली गाठ कळते म्हणून बाईच्या अंगातलीही कळते, हे कुणी ठरवलं देव जाणे! पण कपडे बदलायच्या खोलीत बायका दार लोटून तिच्यापुढे उभ्या राहायच्या. ती छातीवरून हात फिरवायची आणि म्हणायची, काही नाही, जा कामाला. बाई हलकी होऊन जायची. दरवर्षी छातीच्या तपासणीची गाडी कारखान्याच्या फाटकाशी येऊन उभी राहायची, पण घरचीच डॉक्टरीण असताना त्या रांगेत ताटकळायची कुणाला हौस?

तिला स्वतःला तर मुळीच नव्हती. ती गाडीत गेली ते धाकट्या जावेपायी. धाकटी त्याच कारखान्यात बटणं लावायची. एका सकाळी ती रडवेली होऊन आली आणि हिच्या बोटांना वाटाण्याएवढी गाठ लागली. तोंडाने ही म्हणाली, उगाच जीव घाबरा करून घेऊ नकोस. मनात मात्र ठरवलं, गाडी आली की हिला आत पाठवायचीच. त्याच आठवड्यात गाडी आली. धाकटी पायरीशी अडून बसली, म्हणाली, ताई, आधी तू जा, मग मी. म्हणून ही गेली. बाहेर येऊन सगळ्यांना सांगितलं, काही नाही गं, इस्त्रीत घातल्यागत दाबतात नि सोडून देतात.

पुढे दवाखान्यातून फोन आला तो हिलाच. धाकटीचं ठीक आहे, तुम्ही मात्र पुन्हा या.

ती हसली. दोघींचं आडनाव एक, पत्ता एक, आत गेल्या त्याही एकीमागे एक. केली असेल अदलाबदल, दुसरं काय? तरी न्हाणीघरात जाऊन तिने स्वतःला नीट चाचपून पाहिलं. सगळं साफ. कापड असतं तर डोळे मिटून पास केलं असतं. आणि मग तिचं हसू जागच्या जागी विरलं. अदलाबदल झाली असेल, तर बोलावणं धाकटीला होतं.

दुसऱ्याच दिवशी तिने दोघींची रजा टाकली. मला बोलावलंय, सोबतीला चल, असं खोटंच सांगून तिने धाकटीला नेलं. खोटंच, असं तिला वाटत होतं. डॉक्टरबाईंच्या खोलीत ती एकटी आधी शिरली आणि म्हणाली की तुमची चूक झालीय, गाठ माझ्या जावेला आहे, मी या हाताने पाहिलीय.

बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. धाकटीला निजवून पुन्हा तपासलं. ती पाण्याची गाठ होती, निरुपद्रवी. मग हिचा फोटो पुन्हा काढला आणि पडद्यावर दाखवला. एका कोपऱ्यात चिमूटभर मीठ सांडावं तसे पांढरे ठिपके होते.

"हे माझं नाही," ती म्हणाली. "माझ्या हाताला काहीच लागत नाही."

"लागणारच नाही," बाई म्हणाल्या. "हाताला लागेपर्यंत थांबला असता, तर ते एवढंसं राहिलं नसतं."

सुईने तुकडा काढून तपासला. कॅन्सरच होता. मांडीवरच्या स्वतःच्या हातांकडे ती बघत राहिली, कुणा परक्याचे असावेत तशी. एवढी वर्षं या हातांवर पोट भरलं, आणि घरात चोर शिरला तेव्हा हे झोपले होते! शेजारी धाकटी हुंदके देत होती. स्वतः सुटल्याचं तिच्या ध्यानातही नव्हतं.

पुढचं सगळं सुरळीत झालं. छोटं ऑपरेशन, मग किरणांचे उपचार. फार लवकर सापडलं, बऱ्या झालात, आता दरवर्षी यायचं, असं बाईंनी सांगितलं. घरात सगळ्यांना हायसं वाटलं. हिचा धक्का मात्र ओसरला नव्हता. धाकटीची गाठ हाताला लागलीच नसती तर, एवढंच तिच्या मनात फिरत राहायचं.

ती कामावर परतली त्याच दिवशी पॅकिंगवाली तिला कपडे बदलायच्या खोलीत घेऊन गेली. दार लोटून बटणं काढायला लागली.

"बरं झालं आलीस. गेल्या वर्षी तू काही नाही म्हणालीस, म्हणून मी गाडीत गेलेच नाही. आता छातीवरची कातडी आत ओढल्यासारखी दिसतेय. जरा बघ गं."

डॉक्टरिणीने दोन्ही हात पाठीमागे नेले. पॅकिंगवालीच्या जागी तिला एकेक चेहरा दिसायला लागला. शिलाईवाली, झाडूवाली, मागच्या वर्षी काम सोडून गेलेली ती उंच बाई. सगळ्यांना तिने हलकं करून पाठवलं होतं.

"माझ्या हाताला काही कळत नाही," ती म्हणाली. "कधीच कळत नव्हतं. चप्पल घाल, दवाखान्यात जाऊ, मी येते सोबत."

"अगं, पण काही निघालं तर?"

टेबलावरचा तागा तसाच टाकून तिने पॅकिंगवालीचा दंड धरला आणि दोघी फाटकाबाहेर पडल्या.